तुर्की लोकगीतातला ‘यार’ नेमका कोण? देयिश आणि नेफेस उलगडण्याची रीत, पायरीपायरीने

साझ या लांब दांडीच्या तंतुवाद्यावरचं एखादं तुर्की गाणं आवडतं. आपण त्याचे शब्द शोधतो, भाषांतराच्या यंत्रात टाकतो, आणि हाती असं काहीतरी येतं: ‘मी प्रॉपेलर होऊन ज्योतीभोवती फिरलो, चड्डी बदलली आणि गारा प्यायलो.’ हे वाक्य मी मुद्दाम जुळवलंय, पण यातला एकही घोटाळा काल्पनिक नाही. ‘पेर्वाने’ म्हणजे आजच्या तुर्कीत प्रॉपेलर आणि गाण्यात दिव्यावर झेपावणारा पतंगा. ‘दोन’ म्हणजे आज चड्डी, गाण्यात आत्म्याने धारण केलेला देह. ‘दोलू’ म्हणजे गारा, आणि गाण्यात काठोकाठ भरलेला प्याला.

यंत्राची चूक निदान हसू तरी आणते. जास्त नुकसान दुसऱ्या सवयीने होतं. ‘यार’, ‘दोस्त’, ‘प्याला’ हे शब्द ऐकले की आपण एकतर ‘प्रेमगीत आहे’ म्हणून मोकळे होतो, नाहीतर ‘सगळं सूफी आहे’ म्हणून. दोन्ही निष्कर्ष घाईचे. अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, लोकगीतांतल्या इस्लामी प्रतिमा ठरावीक क्रमानेच उलगडतात, आणि बहुतेक जण तो क्रम नेमका उलटा धरतात.

तयारी: बसण्याआधी काय जमवायचं

मूळ तुर्की शब्द दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. एकच संहिता घेऊन बसू नका, कारण ही गाणी तोंडी चालत आलेली आहेत. १९२५ च्या नोव्हेंबरात तुर्की प्रजासत्ताकाने कायद्याने सगळे दर्गे आणि तेक्के (दरवेशांचे मठ) बंद केले. त्यानंतर तर ही गाणी घरांत, आठवणीत आणि पुढे कॅसेटवरच जास्त जगली. ओळी इकडच्या तिकडे होतात, कडवी गळतात, नावं बदलतात.

ध्वनिमुद्रणंही दोन हवीत. त्यातलं एक तरी एकट्या साझवरचं असू द्या. वाद्यवृंदातल्या आवृत्तीत शब्द छान ऐकू येतात, पण कडवी बहुतेकदा कापलेली असतात आणि कात्री हमखास शेवटच्या कडव्याला लागते. आपल्याला नेमकं तेच लागणार आहे.

कोशासाठी तुर्की भाषा संस्थेचं संकेतस्थळ उघडा. तिथे आजच्या भाषेच्या कोशासोबत बोलीतल्या आणि जुन्या ग्रंथांतल्या शब्दांचेही कोश आहेत. आजचा अर्थ शेवटी पाहायचा, ही सवय लावून घ्या.

आणि अक्षरं. तुर्की लिपी रोमन असली तरी इंग्रजीच्या सवयीने वाचू नका. साधा ‘सी’ म्हणजे ज, त्यामुळे ‘जेम’ आणि ‘जान’ हे शब्द ‘केम’ आणि ‘कॅन’ होत नाहीत. शेपटीवाला ‘सी’ म्हणजे च, शेपटीवाला ‘एस’ म्हणजे श. डोक्यावर अर्धचंद्र असलेला ‘जी’ स्वतः उच्चारलाच जात नाही, फक्त आधीचा स्वर लांबवतो. साझला ते लोक ज्या नावाने ओळखतात ते म्हणून ‘बाऽलामा’ असं ऐकू येतं.

> तपासा: ‘जान’ (जीव), ‘हाक’ (हक, म्हणजे ईश्वर), ‘पीर’, ‘दोस्त’, ‘यार’, ‘बुलबुल’, ‘ग्युल’ हे सात शब्द संहितेत डोळ्यांनी ओळखता येतात का? येत असतील तर पुढे चला.

१. गाणं कुठे म्हटलं जातं ते आधी ठरवा

अर्थाच्या आधी जागा. हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते.

अलेवी म्हणजे अलीला, पैगंबरांच्या जावयाला, विशेष मानणारा तुर्कस्तानातला मुस्लिम समाज. त्यांच्या सामुदायिक उपासनेला ‘जेम’ म्हणतात. बायका-पुरुष एकत्र बसतात, पुढे ‘देदे’ (उपासना चालवणारा धर्मगुरू) असतो, आणि साझ वाजवून गाणारा ‘झाकिर’ असतो. उपासनेची बारा सेवाकार्यं ठरलेली असतात आणि झाकिराचं काम त्यांपैकी एक. इथे साझ ही करमणुकीची वस्तू नाही. अलेवी तिला ‘तारांचं कुराण’ म्हणतात, आणि वाजवण्याआधी साझचं चुंबन घेणारे वादक तुम्हाला चित्रफितींत दिसतील. या परंपरेतल्या गीताला साधारणपणे ‘देयिश’ म्हणतात. बेक्ताशी या अलेवींना जवळच्या दरवेशी पंथात त्याच जातकुळीच्या गीताला ‘नेफेस’ म्हणतात, शब्दशः श्वास. अली आणि त्याच्या वंशातले अकरा अशा बारा इमामांची नावं क्रमाने गुंफलेलं ते ‘दुवाज इमाम’. कर्बलाचा शोक म्हणजे ‘मेर्सिये’. ज्यावर उभं राहून फेर धरतात तो ‘सेमाह’. सुन्नी दरवेशी पंथांच्या गीतांना बहुधा ‘इलाही’ म्हणतात. आणि लग्न, शेत, परदेशी गेलेला नवरा, डोंगर, दरोडेखोर अशा सगळ्या विषयांवरचं साधं लोकगीत म्हणजे ‘त्युर्क्यू’.

शीर्षकाजवळ यांतला एखादा शब्द छापलेला असतो. तो वाचा. मी एकदा वाचला नाही. मित्राच्या साखरपुड्याच्या चित्रफितीला ‘छान संथ साझ’ म्हणून एक गाणं लावलं. वर्षभराने कळलं की तो मेर्सिये होता. कर्बलात तहानेने व्याकूळ झालेल्या लेकरांच्या शोकगीतावर आम्ही अंगठ्या बदलल्या होत्या.

> सावधान: ‘सेमाह’ आणि ‘सेमा’ एक नव्हेत. पांढऱ्या घेरदार झग्यातले, गिरक्या घेणारे दरवेशी म्हणजे मेव्लेवी पंथाची ‘सेमा’. तिचं संगीत बासरीसारख्या ‘नेय’चं, दरबारी मकामांचं (आपल्या रागांसारख्या स्वररचनांचं), आणि काव्य बरंचसं फारसी. फारसी सूफी कवी रूमीचा कोन्या गावातला मृत्यू १२७३ चा. हा पंथ त्याच्या नावाने चालतो. सेमाह अलेवींचा, साझवरचा, तुर्की भाषेतला, आणि त्यात बायका-पुरुष एकत्र फेर धरतात. युनेस्कोच्या यादीतही ही दोन वेगळी नावं आहेत; सेमाह २०१० मध्ये नोंदला गेला. लोकगीताला ‘रूमीचं गाणं’ म्हणण्याआधी इथे थांबा.

२. शेवटचं कडवं आधी वाचा

आपल्याला हे शिकवावं लागू नये. ‘तुका म्हणे’ शेवटी येतं, तसंच ‘पीर सुलतान’, ‘हाताई’ किंवा ‘कुल हिम्मेत’ शेवटच्या कडव्यात येतं. या नाममुद्रेला तुर्कीत ‘माहलास’ म्हणतात. ती सापडली की शब्दांचा पोत ठरतो.

‘हाताई’ म्हणजे इराणचा सफवी शाह इस्माईल (१४८७–१५२४). त्याच्या कवितेतला ‘शाह’ आणि नंतरच्या गावरान आशकाच्या (लोककवीच्या) कवितेतला ‘शाह’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पीर सुलतान अब्दाल सोळाव्या शतकातला, सिवास भागातल्या बानाझ गावचा. त्याला हिझिर पाशाने फासावर चढवलं असं परंपरा सांगते, आणि त्याच्या नावाच्या गीतांत फास, दगड आणि मित्राने मारलेलं फूल वारंवार येतं. युनूस एमरे याहून जुना, तेराव्या-चौदाव्या शतकातला. त्याला अलेवी, सुन्नी, शाळेची पुस्तकं, सगळेच आपला म्हणतात. त्याची गीतं एकाच पंथाच्या खात्यात टाकणं म्हणूनच धोक्याचं.

नाममुद्रा सापडली म्हणजे कवी सापडला असं मात्र नाही. पीर सुलतानच्या नावाने लिहिणारे अनेक कवी संशोधकांनी वेगळे काढले आहेत. नेसिमी तर निदान दोन: एक पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हलब (सीरियातलं अलेप्पो) शहरात मारला गेलेला सय्यद, दुसरा सतराव्या शतकातला ‘कुल’ नेसिमी. आपल्याकडे गाथेत प्रक्षिप्त अभंग कोणते यावर जसे वाद होतात, तसेच तिथेही होतात. टिपणात ‘अमक्याची रचना’ असं न लिहिता ‘अमक्याच्या मुद्रेने’ असं लिहा.

> सावधान: ‘आशक’ म्हणजे प्रियकर नव्हे. साझ घेऊन गाणारा लोककवी म्हणजे आशक. ती पदवी आहे: आशक वेसेल, आशक दाइमी. स्वप्नात एखाद्या पीराच्या हातून ‘बादे’, म्हणजे प्याला, प्यायल्यावर माणूस आशक होतो, अशी तिथली धारणा.

३. अक्षरं मोजा (पाच मिनिटांचं काम)

लोकपरंपरेतलं काव्य अक्षरगणवृत्तात असतं. लघु-गुरू नाही, फक्त स्वरांची मोजणी. आठ किंवा अकरा अक्षरं सर्वांत जास्त. आशक वेसेलची सगळ्यांना पाठ असलेली ओळ घ्या: उ-झुन-इन्-जे । बिर-योल्-दा-यम. चार आणि चार, आठ. अकराची ओळ बहुधा सहा-पाच अशी तुटते.

याचा उपयोग काय? दोन संहितांत शब्द वेगळा असेल तर अक्षर कमी-जास्त झालेली ओळ संशयित धरायची. पण बदललेला शब्द तितक्याच अक्षरांचा असेल तर मोजणी फसते. असं घडलेलंही आहे: सरकारी नभोवाणीसाठी गाताना ‘शाहकडे जाऊ’ याचं ‘दोस्ताकडे जाऊ’ झालं. ‘शाह’ एक अक्षर, ‘दोस्त’ एक अक्षर, मोजणीत काहीच कळत नाही. अर्थ मात्र अलीपासून कोणत्याही मित्रापर्यंत पातळ होतो.

४. शब्दांचे तीन ढीग करा

कागदावर तीन रकाने आखा. यावर वेळ घालवा. गाण्याचा अर्थ इथेच लागतो.

पहिल्या ढिगात नावं आणि नावांची टोपणनावं. अलीला थेट ‘अली’ म्हणतीलच असं नाही. हायदार (सिंह), शाह, कौसर झऱ्यावरचा साकी, झुल्फिकार तलवारीचा धनी, दुलदुल नावाच्या खेचराचा स्वार, हे सगळे तोच. ‘तोप्राक’ म्हणजे माती. तीही कधी त्याच्याकडेच बोट दाखवते, कारण त्याचं एक नाव ‘अबू तुराब’, मातीचा बाप. गुलाब बहुधा मुहंमद पैगंबरांचा, कारण त्यांच्या घामातून तो उमलला अशी श्रद्धा. ‘हाक–मुहंमद–अली’ ही त्रयी एका दमात येते. ती दिसली की गाणं अलेवी-बेक्ताशी वर्तुळातलं, याबद्दल फारशी शंका उरत नाही.

दुसऱ्या ढिगात विधीचे शब्द. ‘दोलू’ आणि ‘देम’ म्हणजे जेममधला प्याला. ‘देम’चे मात्र श्वास, घटका, रक्त असेही अर्थ होतात. ‘एशिक’ म्हणजे उंबरठा, ज्यावर पाय द्यायचा नाही. ‘लोक्मा’ म्हणजे वाटून खायचा घास. ‘चार दारं, चाळीस मकाम’ म्हणजे शरियत, तरिकत, मारिफत, हकिकत या चार पायऱ्या आणि प्रत्येकीतले दहा टप्पे. ‘योल’ म्हणजे वाट. आणि वाट म्हणजे पंथच, कारण हे लोक स्वतःच्या धर्माचरणालाच ‘योल’ म्हणतात.

मराठी वाचकासाठी इथे एक खास खड्डा आहे: ‘दार’. आपल्याला दरवाजा दिसतो, तुर्की यंत्राला ‘अरुंद’ दिसतं. गाण्यात दार म्हणजे फासाचा खांब, तोही मानसूर हल्लाजचा. ‘मीच सत्य’ म्हणाला म्हणून ज्याला ९२२ मध्ये बगदादेत मारलं, तो हल्लाज. जेममध्ये झडतीसाठी मधोमध उभं राहण्यालाही ‘दार’ म्हणतात. माणूस समाजापुढे उभा राहतो आणि कुणाचं माझ्याकडे काही देणं-घेणं, तक्रार आहे का, असं विचारलं जातं. एकाच शब्दात फाशी आणि झडती दोन्ही.

तिसऱ्या ढिगात संशयित शब्द: यार, दोस्त, बुलबुल, तुर्ना, ‘एल’ (हात, आणि परका मुलूखही), ‘बेन’ (मी, आणि गालावरचा तीळही). यांना अजून अर्थ लावू नका. नुसतं लिहून ठेवा.

> तपासा: पहिले दोन ढीग पूर्ण रिकामे असतील तर बहुधा तुम्ही साधं त्युर्क्यू हातात घेतलंय. पायरी ६ कडे उडी मारा.

५. मागची गोष्ट शोधा

प्रतिमा सुट्या नसतात, त्या गोष्टींतून गळालेल्या असतात. पाच-सहा गोष्टी माहीत असल्या की बरीचशी गाणी उघडतात. सगळ्यात कामाची ‘कर्कलार’ची, म्हणजे चाळिसांची.

मिराजहून, म्हणजे स्वर्गारोहणाहून, परतताना पैगंबर एका घराचं दार वाजवतात. आतून विचारणा होते, कोण? ‘पैगंबर’ म्हटल्यावर दार उघडत नाही. ‘मी गोरगरिबांचा सेवक’ म्हटल्यावर उघडतं. आत चाळीस जण असायला हवेत, दिसतात एकोणचाळीस; एक जण, सेलमान, बाहेर गेलाय. ते सगळे म्हणतात, आम्ही एकच आहोत. पुरावा म्हणून अलीच्या हातावर घाव घालतात, तर सगळ्यांच्या हातांतून रक्त येतं, आणि बाहेर असलेल्या सेलमानचाही एक थेंब येऊन पडतो. मग सेलमान येतो, त्याच्याकडे द्राक्षाचा एकच मणी. पैगंबर तो चिरडून सरबत करतात, चाळीसही जण पितात, धुंद होतात आणि सेमाहला उठतात.

आता तुमचे ढीग पुन्हा पाहा. द्राक्षाचा एक मणी, प्याला, धुंदी, चाळीस, बंद दार, फेर: हे वेगवेगळे अलंकार नव्हते. ‘दारू हे ईश्वरी प्रेमाचं रूपक’ एवढंच सांगणारं स्पष्टीकरण इथे तोकडं पडतं, कारण तो प्याला एका विशिष्ट रात्रीचा आहे.

याच प्रवासात मिराजच्या वाटेवर सिंह आडवा येतो आणि पैगंबर त्याच्या तोंडात आपली अंगठी टाकतात. नंतर तीच अंगठी अलीच्या हाती दिसते. गाण्यात सिंह आणि अंगठी एकत्र आली तर ही गोष्ट.

कर्बला मराठी गावांतल्या वाचकाला वेगळी सांगायला नको. मोहरमच्या सवाऱ्या आणि ताबूत आपण पाहिलेले आहेत. तिथला फरक एवढाच ध्यानात ठेवा: अलेवी मोहरममध्ये बारा दिवसांचे उपवास करतात आणि अलीचा मुलगा हुसेन याच्या तहानेच्या आठवणीने साधं पाणी पिणं टाळतात. ‘पाणी’ हा शब्द त्यांच्या गीतात म्हणूनच थंडावा घेऊन येत नाही.

हिझिर म्हणजे खिज्र, अडल्यानडल्याला करड्या घोड्यावरून धावून येणारा. पण पीर सुलतानला फाशी देणारा पाशाही हिझिर नावाचाच! दोघांची गल्लत करून लिहिलेलं भाषांतर मी पाहिलंय. त्यात संकटमोचन हिझिरच कवीला लटकवतो.

सरावासाठी मी जुळवलेली एक ओळ: ‘मानसूरच्या दारी उभा राहिलो, चाळिसांचा दोलू प्यायलो, तुर्नाच्या दोनात आलो.’ फासाखाली झडतीला उभा राहिलो. चाळिसांच्या मेळ्यातला प्याला मिळाला. क्रौंचाचा देह घेऊन आलो. शेवटचा भाग नीट कळायला आणखी एक पायरी लागेल.

६. उलटी तपासणी: हे साधं प्रेमच तर नाही ना?

‘तुर्ना’ म्हणजे क्रौंच पक्षी. अलीचा आवाज या पक्ष्यात उतरला, अशी अलेवी श्रद्धा आहे. क्रौंचांच्या नावाचे सेमाह आहेत आणि त्यात हातांच्या हालचाली पंखांसारख्या होतात. एवढं कळलं की नवखा माणूस प्रत्येक क्रौंचात अली शोधू लागतो. पण परमुलखात राबायला गेलेला नवरा घरी निरोप पाठवतो तोही क्रौंचाबरोबरच. हुंड्याची पेटी, गावाची नावं, सासू, पगार असं काही शेजारी आलं की तो पक्षी निव्वळ टपालवाला आहे.

काराजाओलान हा लोककवी प्रेमावर लिहितो आणि बहुतेक वेळा खरोखर प्रेमावरच लिहितो; झऱ्यावरची मुलगी म्हणजे झऱ्यावरची मुलगी. ‘एलिफ’ हे कुराणी लिपीचं पहिलं अक्षर आणि ईश्वराच्या एकत्वाची खूण, हे खरं. आणि ते मुलीचं नाव आहे, हेही तितकंच खरं.

किर्शेहिरच्या नेशेत एर्ताशसारख्या (१९३८–२०१२) अब्दाल (गाणं-वाजवणं हाच पिढीजात व्यवसाय असलेल्या समाजाच्या) गायकांकडे मात्र दोन्ही सरमिसळ होतं. ‘ग्योन्युल’, म्हणजे मन-हृदय, हा शब्द त्यांच्याकडे माणसावर जडतो आणि त्याच श्वासात फकिरीकडे वळतो. इथे एक अर्थ निवडायचा हट्ट सोडा, दोन्ही लिहा.

> तपासा: पहिल्या किंवा दुसऱ्या ढिगातला निदान एक शब्द त्याच कडव्यात किंवा शेजारच्या कडव्यात असल्याशिवाय तिसऱ्या ढिगातल्या शब्दाला आध्यात्मिक अर्थ द्यायचा नाही. हा माझा नियम आहे. कधी तो जास्त कडक पडतो, पण फसवत कमी.

७. आता ऐका

अर्थ लावून झाल्यावर डोळे मिटून दोनदा ऐका. सेमाह संथ सुरू होतो (‘आरलामा’) आणि मग वेग घेतो. नऊ मात्रांचा ताल दोन-दोन-दोन-तीन असा मोजून पाहा. चौथ्या घावाला ओढ लागते. वेग वाढतो त्या जागी कोणते शब्द आहेत ते लिहून ठेवा.

८. मराठीत उतरवताना

तुर्कीत लिंगभेद नाही. तो, ती, ते या तिन्हींना एकच ‘ओ’. त्यामुळे ‘यार आला’ की ‘यार आली’ हा प्रश्न मूळ गीताला पडतच नाही. आपल्या क्रियापदाला मात्र तो पहिल्याच ओळीत पडतो. ‘ती आली’ लिहिलंत की नेफेसचं भावगीत होतं. ‘तो आला’ लिहिलंत की निर्णय तुम्ही घेऊन टाकलात. मी शक्यतो संबोधनात लिहितो, ‘जिवलगा, ये’. नाहीतर आदरार्थी बहुवचनात, ‘जिवलग आले’. लिंग तिथेही पुरतं लपत नाही, पण बोचत नाही.

‘देदे’चा पुजारी करू नका आणि ‘जेम’चं कीर्तन करू नका. ‘पीर’ पीरच राहू द्या, आपल्याकडे तो आहेच. ‘दोन’ आणि ‘दार’ मात्र मराठीत तसेच्या तसे ठेवणं अशक्य. ‘चोळा’ आणि ‘फासाचा खांब’ हे मला त्यातल्या त्यात जमलेले शब्द. ‘चोळा बदलला’ असं लिहिलं तर निदान कुणी चड्डी तरी समजत नाही.